कोऱ्या चिठ्ठीचे पैसे

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
खाली दवाखाना, वर शिलाईचा क्लास.
बाकावर अकरा जण, आणि खोकला
एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो
लग्नातल्या विड्याच्या तबकासारखा.

मी नंबर लावते, पैसे घेते.
आत टिपणीस डॉक्टर घसा बघतात, छाती ऐकतात,
पाठ वळवायला सांगून पुन्हा ऐकतात,
आणि लिहितात :
कोमट पाणी, मीठ. ताप आला तर साधी गोळी.
सात दिवस.

मग माणूस बाहेर येतो आणि मला विचारतो,
"ह्याचे दोनशे?"

मसाला मार्केटातले सोपान धुमाळ,
पाठीवर मिरचीची पोती, घशात मिरचीची धूळ :
"ताई, सांगा त्यांना, स्ट्राँग लिहा कायतरी.
सात दिवस म्हणजे सात हजऱ्या.
टोळी थांबते होय माझ्यासाठी?"

मी काय सांगणार.
समोरच्या मेडिकलमध्ये नंबर लागत नाही.
मुलगा कात्रीनं पाकीट कापतो, तीन गोळ्या देतो.
दोन घेतल्या की बरं वाटतं,
तिसरी फ्रिजवरच्या डब्यात
बटणं, रबरबँड, जुन्या किल्ल्यांशेजारी.
"तसंही बरं वाटलंच असतं," डॉक्टर म्हणतात.
पण बरं झालेल्या माणसाला
हे कुणी पटवायचं?

मलाही पटलं नव्हतं.
मामंजी शिंकले की मीच डबा उघडायची.

मग गेल्या मार्चात, वाशीला, महापालिकेच्या दवाखान्यात,
त्यांच्या थुंकीचा रिपोर्ट आला.
औषधांची नावं एकाखाली एक
आणि जवळजवळ प्रत्येकापुढे इंग्रजी आर.
"आर म्हणजे?"
"म्हणजे हे आता त्याला जुमानत नाही,"
शिकाऊ मुलगी म्हणाली, माझ्याकडे न बघता.
त्यातली चार नावं माझ्या ओळखीची.
आमच्याच फ्रिजवर राहायला होती.

एक औषध उरलं होतं, सलाइनमधून.
एकवीस दिवसांनी मामंजी घरी आले,
निम्मेच.

आज सकाळी घणसोलीची एक बाई
बाळ घेऊन आली, श्वासागणिक
त्याच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता.
डॉक्टरांनी कुणी न मागता अँटिबायोटिक लिहिलं,
पहिला डोस समोर पाजला, मला रिक्षा बोलवायला लावली
आणि चिठ्ठीवर हॉस्पिटलचं नाव दोनदा अधोरेखित केलं.
बाई पैसे काढत होती.
मी म्हटलं, आधी जा.

धुमाळ परवा नवव्या दिवशी दारातून डोकावले.
खोकला गेलेला. दोन हजऱ्या बुडालेल्या.
"तुमच्या चिठ्ठीनं नाय हां," ते म्हणाले,
"आमच्या हिनं काढा दिला."

असेल, म्हटलं.
वहीत त्यांचं नाव काढलं.
औषधाच्या रकान्यात
एक आडवी रेघ होती,
ती तशीच ठेवली.