अर्धा क्विंटल

कापसाच्या काट्यावर सुगतला चढवून
पोरं म्हणाली, अर्धा क्विंटल भरला काकू,
ओलावा कापाचा का?
तो टाळ्या वाजवत होता.
त्याला वाटलं, आपण जिंकलो.

याच पोराला मी
अंगणवाडीच्या झोळीकाट्यात टांगलं होतं.
काळजाला छिद्र, ओठात जोर नाही,
दूध ओढायचा न् थकून झोपायचा.
चमच्यानं, मग कापसाच्या बोळ्यानं,
थेंब, थेंब, उजाडेपर्यंत.
दोनशे ग्रॅम वाढला त्या दिवशी
मी सेविकाबाईंना मिठी मारली,
तक्त्यावरचा ठिपका
लालमधून पिवळ्यात सरकला म्हणून.
तेव्हा जो घास मी मागितला
तो आता थांबत नाही.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी
चिठ्ठीच्या पाठीवर पोट काढलं, वर डोकं,
मधे एक लांब रेघ.
पोट भरल्याचा निरोप याला उशिरा पोचतो, म्हणाल्या.
शरीर जाळतंही कमी. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी.
घोरतो ते साधं समजू नका.
गोड नको, तळलेलं नको,
आणि चालवा त्याला.

घरातलं सोपं होतं.
साखरेचा डबा कोठीत ज्वारीखाली पुरला.
कण्या, अंबाडीची भाजी, वांग्याचं भरीत तो आवडीनं खातो.
पण गावाचं काय करू?

सुगत सकाळी निघतो तो घरं मोजत.
मारोतरावच्या हॉटेलात आलूबोंडा,
पोस्टमन तायड्यांकडे पोहे, वर तर्री,
कुठे तेरवीची उरलेली बुंदी,
आणि देशमुखांकडे तर पाटावर बसवून.
देशमुखीणबाई स्वतः वाढतात, तूप ओततात,
"खाय बाप्पा, देवाचं लेकरू तू."
(देवाचं नाही, माझं. हे मी मनातच म्हणते.)

हेच ते दार.
माझ्या आजेसासूला इथे भाकर वरून टाकत,
ती पायरीखाली, पदर पसरून.
सासू पुढे या घरचं पाणीसुद्धा प्यायली नाही,
रागानं.
आणि माझं पोरगं चुलीपर्यंत जातं,
हात न धुता डबा उघडतं.
त्याला कोणी काही सांगितलेलंच नाही.
आता मीच जाऊन म्हणू,
नका देऊ?

गेले. म्हणाले.
बाईंचं तोंड उतरलं.
"आमच्या हातचं चालत नाई का वो तुमाले?"

मला हसू फुटलं, आणि घशातच अडकलं.
पायरीवर बसून चिठ्ठी दाखवली,
पोट, डोकं, मधली रेघ.
त्यांनी चष्मा आणला. बराच वेळ पाहिलं.
"मंग तो आला का मी त्याले काय देऊ?
मले दुसरं काई देताच येत नाई."

दुसऱ्या दिवशी तो दारात, हात पुढे करून,
आणि त्या आत, हात रिकामे.
दोघं तसेच उभे.
शेवटी त्यांनी सांभाराची जुडी दिली त्याच्या हाती,
तायड्यांच्या घरी नेऊन दे म्हणाल्या.
तायड्यांनी परत पाठवली ताकाची किटली.

तेव्हापासून तो दिवसभर गावात काहीबाही पोचवतो,
सुईदोरा, चाव्या, कोणाचा चष्मा,
पुष्कळदा चुकीच्या घरी.
मग माणसं आपापल्या वस्तू शोधत फिरतात,
गावही जरा चालायला लागलंय.

चार महिन्यांत सव्वा किलो.
डॉक्टरीणबाई बरं म्हणाल्या, चांगलं नाही म्हणाल्या.
रात्री तो घोरतो, मधेच श्वास थांबतो,
मी पुढचा येईपर्यंत मोजते.

काल त्याची चड्डी धुताना
खिशात गुळाचा खडा निघाला, मुंग्यांसकट.
कोणी दिला, विचारलं नाही.
मुंग्या झटकल्या
आणि चुलीकडे तोंड करून
मीच खाल्ला.