चारशे अठ्ठेचाळीस ग्रॅम

पार्सल माझ्याच नावाचं, माझ्याच काउंटरवर आलं.
घेणाऱ्याच्या रकान्यात सही केली, देणाऱ्याच्याही,
आणि जेवणाच्या सुट्टीत, शटर अर्धं ओढून
वजनकाट्यावर आडवी ठेवली शिनाई.
चारशे अठ्ठेचाळीस.

चारशे चाळीसच्या खाली नको, वरदा केंजळे म्हणाली होती.
वरदा माझ्या निम्म्या वयाची.
मी तिला सेन्सेई म्हणते, ती मला काकू,
आणि लगेच ओरडते, काकू, टाच उचला!
तीन महिने कर्वेनगरच्या शाळेत, बाकं भिंतीला सारून,
क्लबच्या काठीनं हवा कापली.
ती काठी कुणाकुणाच्या तळव्यांनी आधीच गुळगुळीत केलेली.
मग ती म्हणाली, आता स्वतःची घ्या.

अडीच हजार? बांबूला?
मी सदाशिव पेठेत वाढले आहे.
क्लबची मोडकी शिनाई पिशवीत घालून
सरळ बुरुड आळी गाठली.
शेवंताक्कानं ती उलटसुलट केली, वास घेतला,
चार पट्ट्या मोजल्या, खिळा शोधला, सापडला नाही.
"कोवळा बांबू यात फुटंल, बाई.
जून पायजे, सावलीत वाळलेला.
माझ्याकडं आता शिड्या न् मांडवाचं सामान.
आन् एवढं करून मारायचं कुणाला?"
डोक्यावर मारायचं, म्हटलं, पण समोरच्यानं
जाळीचा मुखवटा घातलेला असतो.
ती इतकी हसली की पान थुंकायला उठली.
"मंग सूप घे. निदान पाखडता यील."
घेतलं.

तेव्हा तिथं उभ्याउभ्या एक कळलं,
बांबू हातात धरला की बायका आधी गाठी चाचपतात.
पार्सल उघडल्यावर मीही तेच केलं.
मग सुती फडकं फिरवलं चारही बाजूंनी,
धागा कुठे अडकतो का बघायला.
एका जागी अडकला. काचकागदानं घासलं,
वर खोबरेल तेलाचं बोट.
पिवळी दोरी वर येईल अशी धरायची.
दोरी म्हणजे पाठ.
धार तिच्या विरुद्ध बाजूला,
दिसत नाही, आहे असं मानायचं.

हाकामाचं मात्र मला कुणी शिकवायचं कारण नव्हतं.
पुढे पाच निऱ्या.
वरदा म्हणाली, टेट्रेक्सचा घ्या, निऱ्या मोडत नाहीत,
धुवा, झटका, वाळला.
तीस वर्षं निऱ्या घालते आहे, मोडल्या तर घालीन परत.
सुती घेतला, निळीत बुडवलेला,
घोट्याच्या हाडापर्यंत, मागून जरासा उंच.
नाडी चार वेळा गुंडाळताना आत्येची आठवण झाली,
नऊवारी नेसवताना पोटावर गुडघा टेकवून
श्वास सोड म्हणायची, आणि ओढायची.
हे तसंच, फक्त गुडघा नाही.

मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवला, तरी रंग सुटलाच.
बादली निळी, मोरी निळी,
ह्यांचा पांढरा बनियन
अजून आमच्यात विषय आहे.
सोमवारी एक आजोबा मनिऑर्डर करायला आले,
माझे पंजे बघून म्हणाले, शाई सांडली वाटतं?
शिक्के मारून मारून, म्हटलं.
खोटं बोलायचं कारण नव्हतं.
खरं सांगायला रांग फार मोठी होती.

आता ती कपाटामागच्या कोपऱ्यात असते.
ओलांडायची नाही, पाय लागला तर नमस्कार,
हे वरदानं सांगितलं तेव्हा मी म्हटलं,
आमच्याकडे केरसुणीलाही हेच आहे.
ती विचारात पडली. पाठ ताठ करायला विसरली.

काल सुट्टीत पुन्हा काट्यावर ठेवली.
चारशे एक्कावन्न.
तीन ग्रॅम खोबरेल असेल.
किंवा माझा घाम.
काटा जुना आहे, तोही चुकत असेल.
मी मुठीकडची बाजू हुंगली,
शटर वर केलं,
पुढचा कोण?