तार काढल्यावर

वसमतच्या हळद मार्केटात
सर्व्हर एकदम मरत नव्हता.
मेला असता तर बरं होतं,
मेलेल्याचं निदान कारण सापडतं.
हा चाळीस मिनिटं नीट, मग सहा मिनिटं गायब,
मग पुन्हा हजर,
जसा तंबाखू मळायला बाहेर गेला होता.

ऑपरेटर दैवशाला इंगोले फोनवर म्हणाली,
"हळद तर लागलीय त्याला पार कानापर्यंत,
पण नांदंना बगा."

नांदेडहून निघालो. एप्रिल.
पाठीवर लॅपटॉप, डिकीत क्रिम्पर, टेस्टर,
आणि वीस मीटर नवी केबल, उगीच.

पहिला संशय उन्हावर. कूलर वळवला.
दुसरा धुळीवर. ब्रशनं पोर्ट झाडले,
बोटं पिवळी, शिंकसुद्धा पिवळी.
तिसरा रस्ता खोदणाऱ्यांवर, तो तर कायमचाच असतो.
कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, आमच्याकडून लाइन ओके.
आमच्याकडून.
हा शब्द मी अठरा वर्षं ऐकतोय.

केबल बदलली. स्विच बदलला.
काळ्या पडद्यावर पिंग सोडून बसलो:
उत्तर आलं
उत्तर आलं
वेळ संपली
वेळ संपली
उत्तर आलं
बाहेर सौदा थांबलेला, बोर्डावर भाव अर्धवट,
तेरा हजार चार, आणि पुढं काहीच नाही.
अडते माझ्याकडं बघत होते
जसं पुढची तारीख पडल्यावर वकिलाकडं.

दैवशालानं पंधरा दिवसांच्या वेळा वहीत मांडल्या होत्या.
सकाळी दहा वीस. अकरा पाच. दुपारी तीनला दोनदा.
आणि शुक्रवारी एक ते अडीच, एकदाही नाही.
त्या ओळीखाली मी रेघ मारली,
रेघेकडं बघत बसलो.
काही सुचलं नाही.

शेवटी वैतागून सर्व्हरची तारच उपटली.

उत्तर आलं
उत्तर आलं

तार माझ्या हातात. पोर्टचा दिवा विझलेला.

उत्तर आलं

दैवशाला हळूच म्हणाली,
"मग आता हे कोन बोलायलंय?"

जो बोलत होता, त्याचा नंबर वेगळा होता, पत्ता तोच.
स्विचमधून निघालेली एक मळकी केबल धरून चालत गेलो,
भिंतीवरून, पत्र्याखालून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून
दोन नंबरच्या शेडात.
पोत्यांच्या थप्पीमागं जुन्या काट्याचा संगणक,
पंखा घुरघुरतोय,
आणि समोर स्टुलावर रऊफ मापाडी, चष्मा कपाळावर.

"चाचा, हे तर तीन वर्षं बंद आहे ना?"
"बंद कुठं? मीच चालू करतो की रोज.
ओल धरती, उंदीर बसतेत आत.
चार-पाच बार गरम करून ठेवतो.
कवा कुणी मागितलं तर."

खिशातून टोपी डोकावत होती.
शुक्रवारची ओळ तिथंच सुटली.

कुणी मागितलं नव्हतं.
नवा सर्व्हर बसवताना याचा पत्ता त्याला मीच दिला होता.
बोर्ड, काटे, प्रिंटर सगळे तोच पत्ता पाठ करून बसलेले,
एकेकाला पुन्हा कोण शिकवणार?
मला सांगितलेलं, जुनं गेलं.
गेलं म्हणजे कुठं गेलं,
हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

याचीही तार उपटता आली असती. सोपं होतं.
चाचांनी पंख्यावरची धूळ
गळ्यातल्या रुमालानं पुसली, तेवढ्यात मी
शेवटचा आकडा बदलला. दहाचे दोनशे दहा केले.
"काय केलं?"
"काही नाही. घर तेच, खोली वेगळी."

तेरा हजार चारशे साठ. बोर्ड पुढं सरकला.
सचिव बिल घेऊन उभे, कारण काय लिहायचं?
रकान्यात लिहिलं: धूळ.
केबलीचे पैसे लावले नाहीत.