शेरा

लॅक्टोमीटर पंचवीसवर थांबला.
दुधाला पंचवीस आलं असतं
तर कॅन परत पाठवला असता मी,
पाणी घातलंय म्हणून.
समुद्राला मात्र पंचवीसच लागतं.

फुलेवाडी, तिसरा स्टॉप. पुढची खोली.
काचेच्या पेटीत देवगडचं पाणी
आणि इलाहीनं मासळीच्या टेम्पोतून
गगनबावड्याचा घाट चढवून आणलेला
एक ओबडधोबड धोंडा.
मासा विकतचा होता, नारिंगी, पट्ट्यांचा.
नवव्या दिवशी गेला.
पंप बंद करायला हात नेला
तर काचेवर एक ठिपका चालत होता.

तेव्हापासून रात्री अकरानंतर
बॅटरीला तांबडा जिलेटिन गुंडाळून बसतो.
पांढऱ्या उजेडाला ती पळतात.
शालन अंथरुणातून विचारते,
'जल्मभर दुधात पानी हुडकलंसा,
आता पान्यात काय हुडकतासा?'

संस्थेची एक वही घरी राहिली होती, अर्धी कोरी.
सभासद नंबर, नाव, लिटर, फॅट, शेरा.
लिटर आणि फॅट खोडलं.

एक नंबर स्वल्पविरामासारखा वाकडा,
कुशीवर पोहतो,
नातवाच्या पुस्तकात म्हणे कोलंबीचा भाऊबंद.
दोन म्हणजे नुसता सांडलेला रवा,
पण रवा उड्या मारत नाही.
तीन नंबरला वही अडली.
तांदळाच्या कणीएवढी चांदणी, सहा पायांची.
दुसऱ्या रात्री
चार पाय इकडे, दोन तिकडे,
आणि दोन्हीकडचे चालत होते.
वाटणीनंतर भाऊ एकाच नंबरवर दूध घालायचे,
तेव्हाही मी असाच पेन धरून बसायचो.

धोंड्याच्या भोकातून एक गुलाबी किडा निघाला,
अंगभर केस, मऊ वाटले.
बोट लावलं.
काचेची कुसळं असावीत तसा हुळहुळत राहिला हात.
शालननं चिकटपट्टी लावून लावून ती ओढली,
शिव्या दिल्या, मला आणि त्याला,
आणि मग म्हणाली, 'नाव काय वो ह्याचं?'
मला येत नव्हतं.

काल ती आपणहून उठून आली,
चष्मा लावून, पदर खोचून.
'त्ये बघा. धोंड्याखाली. दोन मिशा.'
मी वाकेपर्यंत मिशा आत.

पाच नंबर टाकला.
नावाची जागा कोरी.
शेरा : शालननं पाहिलं.