आधी हवा येते

आमच्या बोळात पाणी पाचव्या दिवशी येतं.
कधी पहाटे तीनला, कधी रात्री अकराला,
आणि मल्लेशी चावीवाल्याच्या मेहुणीचं लग्न असलं
तर सहाव्या दिवशी.

मी ज्यांचं काम करते
त्यांचं यंत्र वर्षात बावन्न मिनिटांच्या वर बंद राहिलं
तर माफीचं पत्र जातं.
ते पत्र मी लिहिते, अशोक चौकामागच्या माडीवर,
त्रेचाळीस अंशांत, पाय बादलीत सोडून.
(त्याच पाण्यानं नंतर फरशी पुसायची असते.)
टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली
नायनांच्या मागावरचं भोकाभोकांचं कार्ड दुमडून घातलंय.
त्या भोकांत एके काळी मोर होता,
म्हणजे त्याच्या मानेचा काही भाग.

मार्चमध्ये सातशे रुपयांचा सेन्सर मागवला,
तोटीला बांधला, वर दुधाची पिशवी,
एका रात्रीत शंभरेक ओळी लिहिल्या.
पाणी आलं की एकोणीस घरांत टिंग.
नरसम्मा अत्तांनी विडीचं सूप बाजूला सारून
माझ्यावरून बोटं मोडली.
बोळ निवांत झोपू लागला.

पूर्वी कुणीतरी जागं असायचं.
पायरीवर बसून, डास मारत, शेंगा फोडत,
आणि पहिली धार पडली की
'नीळ्ळू वच्चाय' ओरडत दारं बडवत जायचं,
तेलुगू कळणाऱ्यांची आणि न कळणाऱ्यांचीही.
आता दार कोण वाजवणार? टिंग झालं ना.

यल्लूबाईंकडे फोन नाही.
दोन पाळ्या त्यांचा हौद कोरडा राहिला
हे मला मे उजाडल्यावर कळलं.
त्या काही बोलल्या नाहीत. पलीकडच्या बोळातून कळशीनं आणत राहिल्या.
प्रोग्राममध्ये चूक नव्हती.
यादी मी केली होती.

मग ती रात्र. दोन चाळीसला टिंग.
एकोणीस घरांचे दिवे, बादल्या, घागरी,
एक जण तर लुंगीवर पिंप खांद्यावर घेऊन,
आणि नळातून नुसतं फूंऽऽ.
सगळे माझ्याकडे बघतायत,
मी फोनकडे.
फोन म्हणतोय: पाणी सुरू.

नायना जिना उतरून आले.
पॉवरलूमनं त्यांचे कान चाळिशीतच नेले;
त्यांना फोन खिशात थरथरला तरच कळतो,
कधी कधी न थरथरताही ते काढून बघतात.
त्यांनी पाइपवर तळहात ठेवला,
जसा धोटा अडकला की सांच्यावर ठेवायचे.
डोळे मिटले नाहीत की काही नाही. जांभई दिली.
"हवा आहे," म्हणाले. "आधी हवा येते.
पाणी अजून वीस मिनिटं."

ती वीस मिनिटं बोळ पायऱ्यांवर बसला.
कुणाची मुलगी पुण्याला लागली, कुणाचा बीपी,
टॉवेलचे भाव, आणि मल्लेशीच्या मेहुणीचं लग्न
मोडलं म्हणे. कुणीतरी भाकरीचे तुकडे आणि
शेंगाचटणी फिरवली, मध्यरात्री,
यल्लूबाईंपर्यंत.
तीन वाजून दोन मिनिटांनी धार पडली.

दुसऱ्या दिवशी मी एक अट वाढवली:
धार सलग टिकली तरच कळव.
वर शेरा लिहिला, मराठीत,
'आधी हवा येते. संदर्भ: नायनांचा तळहात.'
ऑफिसात असा संदर्भ चालला नसता.

अजून नीट चालतंय.
फक्त टिंग झाली की मी खाली उतरते
आणि चौथ्या दाराची कडी वाजवते.
यल्लूबाई आतूनच करवादतात:
"कळलं गं. तुझा जिना वाजला."