वहीतली गुहा

दुसऱ्या रेल्वे गेटापाशी, झेरॉक्सच्या दुकानावर माडीला
सहा कॉम्प्युटर होते. त्यातले चार चालायचे.
तासाला पंधरा रुपये, रात्री नऊनंतर दहा,
कारण मालक मुचंडी तेव्हा जेवायला जायचा
आणि गल्ला शट्टुप्पाच्या हवाली असायचा.

त्या खेळात बाण नव्हता,
वाट दाखवणारा, पायाखालचा, सोनेरी.
एक म्हातारा विहिरीवर बसलेला असायचा,
इंग्रजीत एवढंच म्हणायचा: उत्तरेला थंडी आहे.
आमच्यात इंग्रजी बरं फक्त इरण्णाचं.
तो कन्नडात समजून घ्यायचा, मराठीत आम्हाला सांगायचा,
मधे कुठंतरी थोडी थंडी सांडायची.
दोन आठवडे आम्ही उत्तर शोधत होतो.
दिशा की जवाब, तेही ठरलं नव्हतं.

आणि मेलास की मेलास.
तलवार, चिलखत, महिनाभर जमवलेले लांडग्यांचे दात,
सगळं तिथंच, मढ्याजवळ,
आणि तू वेशीवर, बनियनवर उभा.
तासाभरात पोचलास तर तुझं,
नाहीतर मातीचं.

एका मार्चात, परीक्षेच्या तोंडावर,
शट्टुप्पा गुहेच्या तिसऱ्या वळणाला पडला
आणि त्याच क्षणी टिळकवाडीची लाईट गेली.
अंधारात पंखा हळूहळू थांबल्याचं ऐकू आलं.
'कॅम्पात असंल,' इरण्णा म्हणाला, 'तिकडची लाईन वेगळी.'
दोन सायकली, तिघं.
फाटक पडलेलं.
मालगाडी.
एरवी कोण मोजतं, मी त्या रात्री डबे मोजले:
बावन्न.
शट्टुप्पा हँडलवर बोटं वाजवत होता,
'सडायलंय रे माझं मढं, सडायलंय!'
फाटकवाला कंदील वर करून
आमच्याकडं बघत राहिला.

कॅम्पातल्या दुकानाचं शटर अर्धं खाली.
शट्टुप्पानं वाकून नुसती नोट आत धरली.

पोचलो तेव्हा मढ्याशेजारी कुणीतरी उभं होतं.
अनोळखी. नावात नुसते आकडे.
लुटलं नव्हतं त्यानं काहीच.
एकटा कोळी मारत होता, म्हशीएवढे कोळी,
अंगात रक्त दोन बोटं उरलेलं.
आम्हाला बघून त्यानं एक शब्द टाईप केला: घे.
रोमन अक्षरांत.
मराठीतला घे, की घाईत तुटलेला
भलत्याच कुठल्या भाषेतला शब्द,
यावर आम्ही वर्षभर भांडलो.
तो परत दिसला नाही.

आता उद्यमबागेतली पाळी संपवून घरी येतो
तेव्हा बहिणीचा ओजस फोनवर खेळत असतो.
मेला तर तिथंच उठतो, सगळ्या सामानासकट.
नुसतं उघडलं तरी रोज एक पेटी मिळते बक्षिसाची.
'काय गेलं तुझं?' मी विचारतो.
'काय नाही!' तो खुशीत सांगतो.
त्याला कशाला बोल लावू.
नववीत मला बाण मिळाला असता
तर मीही बाणामागंच गेलो असतो की.
खरं मग ते बावन्न डबे
कुणी मोजले असते?

परवा शट्टुप्पाच्या लेथखाली, टूलबॉक्समागं
शंभर पानी वही सापडली.
मागच्या पानांवर गुहा, बॉलपेननं काढलेली, ग्रीसचे डाग पडलेली,
दोन वळणं चुकीची, एक तर गुहेत नव्हतंच.
तिसऱ्या वळणाला इरण्णाच्या गोल अक्षरात कन्नडातून काहीतरी.
तेव्हा मला वाचता यायचं नाही, आता येतं:
होगबेड. जाऊ नको.
आणि त्याच्याखाली, तिरकं,
पेन कागदात रुतवून लिहिलेलं शट्टुप्पाचं:
गेलो. मेलो.
परत जायलोय.