पन्हा

हैदराबादला ते येणार होतं, एका दुपारपुरतं.
आम्ही रात्रीची गाडी धरली:
इरण्णा हत्तरकी, मैनोद्दीन, नरसय्या येमूल आणि मी.
माझ्या गळ्यात स्टुडिओतला कॅमेरा,
ज्यानं आयुष्यभर पांढऱ्या पडद्यापुढची माणसं काढली,
न हसणारी, दोन्ही कान दिसणारी.

कुंपणाबाहेर एका अर्धवट इमारतीच्या स्लॅबवर
आमच्यासारखेच शे-दीडशे.
कुणाची लेन्स मनगटापासून कोपरापर्यंत लांब.
मग कुणीतरी नुसतं "आलं" म्हणालं
आणि लांबवरचा तो ठिपका
पुढं सरकायचंच विसरला.
एवढा पसारा इतक्या हळू येतो
आणि पडत नाही,
याचा मला अजून राग येतो.

डोक्यावर आलं तसं बटण दाबलं.
नाक आलं तर शेपूट नाही,
शेपूट आलं तर पंख नाहीत.
तिसऱ्या फोटोत नुसतं पोट
आणि बावीस चाकं.
चाकं नरसय्यानं मोजली. तो काहीही मोजतो.

वाद वाडीला चढला.
"चार इंजिनं म्हणजे चार तोंडं," इरण्णा म्हणाला,
शेंगाचटणीचा डबा उघडत,
"खायला कोण घालणार? दोन बास झाली."
"दोन बंद पडली तर दोन राहतात बे,"
मैनोद्दीन गॅरेजवाला. त्याचा विश्वास जादा नटावर,
जादा बोल्टावर.
"आपल्या होटगी रोडला उतरंल का?"
"उतरंल की. उठायचं नाही."
"मग राहू दे. हॉटेल टाकू त्यात."
दुधनी गेली तरी वाद खाली उतरेना.
समोरच्या बर्थवरच्या बाईंनी दिवा घालवला
तेव्हा अंधारात नरसय्यानं विचारलं,
पंख किती रुंद?
ऐंशी मीटर, मी म्हणालो.
बराच वेळ काही नाही.
मग: "त्रेपन्न चादरी. शेजारी शेजारी."

दोन महिन्यांनी तो स्टुडिओत आला,
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.
माझ्या तिसऱ्या फोटोवरून
त्यानं जॅकार्डची कार्डं पाडली होती,
भोक न् भोक हातानं,
मालक जेवायला गेला की.
पोट राखाडी. आभाळ विटकरी,
कारण निळं सूत त्या आठवड्यात आलंच नाही.
आणि पंख दोन्हीकडं किनारीपाशी तुटलेले.
"पुढचं कुठाय?"
"पन्हा संपला."

इरण्णानं चाकं मोजली: वीस.
ती दोन कुठं गेली यावर अर्धा तास.
मग त्याचं लक्ष इंजिनांवर गेलं
आणि तो टाळी देत सुटला:
"दोनच! म्हणलो नव्हतो?"
मैनोद्दीन चादरीपाशी उभा राहिला,
किनारीवरून अंगठा फिरवत,
काही बोलला नाही.

चादर आता बाजूच्या भिंतीवर असते.
परवा मैनोद्दीनचा धाकटा आला,
शारजाचं काम लागलंय, पासपोर्टचे आठ फोटो.
नवा शर्ट, गळ्याशी टाचणीचं भोक तसंच.
त्याला म्हणालो, हसू नको, कान दिसू दे, इकडं बघ.
तो चादरीकडं बघत होता.
"काका, यात खिडक्या नाहीत."
सूत जाड पडतं रे, म्हणालो,
खिडक्या बसत नाहीत त्यात.
चौथ्या वेळी नीट आला.

बाहेर पायरीवर मैनोद्दीन आणि इरण्णा,
मध्ये एकच चहा, दोन बशा.
प्रिंट सुकत होते, दार उघडं होतं.
मैनोद्दीन समोरच्या रस्त्याकडं बघत म्हणाला,
"चार असतील ना बे, त्याच्या विमानाला?"

इरण्णा. आयुष्यात कधी माघार न घेतलेला माणूस.
त्यानं बशी खाली ठेवली,
मान वळवून आत भिंतीकडं पाहिलं.

"चारच आहेत," म्हणाला.
"दोन किनारीच्या पलीकडं गेलीत."